रोजचे ध्यान पक्के करण्यासाठी पहिले निवासी शिबिर: कोल्हापूर परिसरातील नव्या साधकांसाठी

पहाटे पंधरा-वीस मिनिटे डोळे मिटून बसणारी माणसे कोल्हापुरात थोडीथोडकी नाहीत. कोणी योगवर्गात शिकलेले श्वासावरचे ध्यान करतो, कोणी गुरूंनी दिलेले नाम घेतो, कोणी घरातल्या वडीलधाऱ्यांना पाहून बसायला लागलेला असतो. सुरुवातीचे काही महिने बरे जातात आणि मग ही बैठक एका जागी अडते. मन जरा थाऱ्यावर येते तोच उठायची वेळ होते, दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते, आणि हळूहळू बैठक हा सकाळच्या कामांतला एक उपचार होऊन बसतो. साधनेला सलगपणा मिळाला तरच ही अडचण सुटते, आणि संसारी माणसाला तो घरी मिळणे फार अवघड असल्यामुळे निवासी शिबिराची गरज पडते.

मात्र शिबिराला जाण्यापूर्वी त्याच्याकडून काय हवे आहे, हे मनाशी नीट ठरवले पाहिजे. दहा दिवसांत प्रकाश दिसेल, नाद ऐकू येईल किंवा आयुष्यातले प्रश्न आपोआप सुटतील अशा अपेक्षेने गेलेला माणूस बहुधा खट्टू होऊन परततो. शिबिरात काय अनुभव आला यापेक्षा सहा महिन्यांनंतर घरची बैठक किती टिकली, यावरून त्या शिबिराचे मोल करावे, असे माझे ठाम मत आहे. पुढची सगळी तयारी याच दृष्टीने सांगितली आहे.

आधी घरची बैठक

ज्याला घरी सलग अर्धा तास बसवत नाही, त्याने शिबिराची घाई करू नये. नियमाप्रमाणे अशी अट सगळीकडे नसते आणि अगदी नवखे लोकही दहा दिवस पूर्ण करतात, हे खरे आहे. पण त्यांची निम्मी शक्ती गुडघे आणि पाठ यांच्याशी झगडण्यात जाते. शिबिराच्या आधीचे दोन-तीन महिने एकच वेळ आणि एकच जागा धरून बसा. वीस मिनिटांपासून सुरुवात करून दर पंधरवड्याला पाच-सात मिनिटे वाढवत पाऊण तासापर्यंत या. वेळ लावण्यासाठी मोबाईल जवळ ठेवण्यापेक्षा समोर साधे घड्याळ ठेवणे चांगले.

आसनाकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते, म्हणून ते जरा सविस्तर सांगतो. मांडी घातल्यावर गुडघे जमिनीपासून अधांतरी राहत असतील, तर तुमची बैठक उंचीला कमी आहे. जाड सतरंजीची घट्ट घडी किंवा कापूस ठासून भरलेली लहान उशी घ्या आणि ती नितंबांच्या फक्त मागच्या अर्ध्या भागाखाली ठेवा. त्यामुळे कंबर किंचित पुढे झुकते, गुडघे खाली टेकतात आणि पाठ सरळ ठेवण्यासाठी वेगळा जोर लावावा लागत नाही. मऊ गादीवर शरीर थोड्या वेळाने एका बाजूला कलते आणि पाठ भरून येते, म्हणून ती टाळावी. पायाला मुंग्या आल्या की लगेच पाय सोडू नका. मुंग्या कुठून कुठपर्यंत आहेत, वाढत आहेत की ओसरत आहेत, हे थोडा वेळ पाहा. उठताना मात्र पायात पूर्ण जाणीव परत येईपर्यंत थांबा, कारण बधिर पायावर एकदम भार दिला तर घोटा मुरगळतो. ज्यांना गुडघ्याच्या दुखण्यामुळे खाली बसता येत नाही, त्यांनी घरीच खुर्चीवर, पाठ न टेकता बसण्याचा सराव करावा आणि अर्जात तसे स्पष्ट लिहावे. खुर्चीवर बसल्याने साधनेत काहीही उणे पडत नाही.

कोणते शिबिर निवडावे

एकांतात जाऊन साधना करण्याची रीत आपल्या भागाला नवी नाही. भुदरगड तालुक्यातील पाटगाव येथे मौनी महाराजांची समाधी आहे आणि मौनाचे व्रत किती मानाने पाहिले जात असे, याची ती खूण आहे. नृसिंहवाडीला कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर सात दिवसांच्या पारायणाला बसणारे भाविक आजही दिसतात. सातारा जिल्ह्यातील गोंदवल्यात नामस्मरणासाठी राहणाऱ्यांची राहण्या-जेवणाची सोय होते. ज्याची मूळ वाट नामाची आहे, त्याला असे नामाचे किंवा पारायणाचे अनुष्ठान अधिक मानवते. त्याने केवळ सगळे जातात म्हणून वेगळ्या पद्धतीच्या शिबिराला जाऊ नये.

श्वासावर किंवा शरीरातील संवेदनांवर ध्यान करणाऱ्यांसाठी, आणि ज्यांची वाट अजून ठरलेली नाही त्यांच्यासाठी, कोल्हापूरजवळची सर्वांत सोयीची जागा म्हणजे हातकणंगले तालुक्यातील आळते येथील धम्मालय हे विपश्यना केंद्र. ते रामलिंगच्या रस्त्यावर, डोंगराच्या परिसरात आहे. सत्यनारायण गोयंका यांच्या परंपरेत इथे दहा दिवसांची शिबिरे होतात. गोयंकांचा जन्म १९२४ साली ब्रह्मदेशातील मंडाले येथे झाला. तिथले विपश्यना आचार्य सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे ही साधना शिकून १९६९ साली ते भारतात आले. २०१३ साली त्यांचे निधन झाले, तरी शिबिरांत आजही त्यांच्याच ध्वनिमुद्रित आवाजातल्या सूचना आणि प्रवचने ऐकवली जातात आणि सहायक आचार्य साधकांच्या अडचणी पाहतात. पुढे सांगितलेले नियम आणि वेळापत्रक या परंपरेचे आहे.

इथे एक गोष्ट आधीच पक्की समजून घ्यावी. या दहा दिवसांत जप, पूजा, पोथी, प्राणायाम, योगासने असे बाकीचे सर्व काही बाजूला ठेवावे लागते. जपमाळ किंवा ताईत सोबत नेता येत नाही. ही अट कोणाच्या श्रद्धेला कमी लेखण्यासाठी नसून एकाच पद्धतीला पूर्ण संधी मिळावी यासाठी आहे. ज्याला रोजचा जप सोडल्याने मनात अपराध दाटून येईल, त्याने ही अट मनापासून पटेपर्यंत थांबावे. आत गेल्यावर चोरून जप करणे हे दोन्ही साधनांवर अन्याय करणारे आहे.

तारखा आणि अर्ज

शिबिर दहा दिवसांचे असले तरी सुट्टी बारा तारखांची लागते. आदल्या दिवशी दुपारपासून नोंदणी असते आणि अकराव्या दिवशी सकाळी निघता येते. नोकरीतील रजेचा अर्ज करताना हा हिशेब चुकला, तर शेवटचे दोन दिवस जीव टांगणीला लागतो. आणि मध्येच निघून जाणार नाही, असे आधी कबूल करूनच प्रवेश मिळतो.

आपल्याकडच्या माणसाला तारीख निवडताना आणखी काही पाहावे लागते. ऊस उभा असेल, तर तोडीची पाळी आल्यावर शेतावर कोणीतरी हवेच, त्यामुळे गळीत हंगाम आटोपल्यावरची किंवा तो सुरू होण्यापूर्वीची तारीख शेतकऱ्याला सोयीची पडते. घरी म्हशी असतील, तर सकाळ-संध्याकाळची धार आणि डेअरीला दूध घालण्याचे काम कोणाकडे, हे नाव घेऊन ठरवा. ‘कोणीतरी बघेल’ एवढ्यावर सोडून गेलेल्या माणसाचे मन आळत्यात बसते, पण गोठ्यातच राहते. जुलै-ऑगस्टमध्ये पंचगंगेला पूर आला की शिरोलीजवळ रस्ता बंद होऊ शकतो, जसा तो २०१९ आणि २०२१ साली झाला होता. त्या दिवसांतली तारीख मिळाली असेल, तर पाण्याच्या पातळीवर लक्ष ठेवून निघावे.

अर्ज ऑनलाईन भरता येतो. त्यासोबत असलेली अनुशासन-संहिता घरातल्यांसमोर बसून पूर्ण वाचा, कारण दहा दिवस फोन लागणार नाही हे त्यांनाही समजले पाहिजे. केंद्राचा क्रमांक घरी लिहून ठेवा. अगदी तातडीचा निरोप व्यवस्थापकांमार्फत पोहोचतो. जागा मिळाल्याचे कळल्यावर पुन्हा खात्री कळवण्यास सांगितले असेल, तर ते विसरू नका. पतिपत्नी एकत्र जाऊ शकतात, पण राहण्याची आणि जेवणाची व्यवस्था स्त्री-पुरुषांसाठी वेगळी असते आणि आपसातही मौन पाळावे लागते.

शुल्क नाही. राहणे, जेवण, शिकवणे यांपैकी कशाचेही पैसे घेतले जात नाहीत आणि नव्या साधकाचे दान शिबिर पूर्ण होण्यापूर्वी स्वीकारले जात नाही. आधीच्या साधकांच्या दानावर तुमचे शिबिर चालते. शेवटी ऐपतीप्रमाणे द्यावे. शेजाऱ्याने किती दिले हे पाहू नये.

प्रकृतीविषयी अर्जात काहीही लपवू नका. तीव्र नैराश्य, भास होणे, झटके येणे यांसारखा त्रास पूर्वी झाला असेल किंवा मनोविकाराची औषधे चालू असतील, तर आधी आपल्या डॉक्टरांशी बोला आणि अर्जात खरे लिहा. इतक्या तासांचे सलग ध्यान काही जणांना झेपत नाही. झोप उडणे, घबराट वाढणे असे घडू शकते. म्हणून केंद्राने ‘आत्ता नको’ असे कळवले, तर ते तुमच्या हिताचे समजावे. रक्तदाब, मधुमेह किंवा इतर कोणत्याही आजाराची औषधे स्वतःच्या मनाने बंद करू नयेत. ती पुरेशी सोबत न्यावीत.

शेवटचा महिना

पाच शीलांचे पालन हा शिबिराचा पाया आहे: हिंसा, चोरी, अब्रह्मचर्य, असत्य आणि नशा यांपासून दूर राहणे. मौनामुळे आणि बंदिस्त आवारामुळे यातली पहिली चार तिथे फारशी कठीण जात नाहीत. पाचवे मात्र अनेकांना जड जाते, कारण तंबाखू, मावा, सिगारेट आणि मिश्री हीसुद्धा त्यात येतात. आपल्याकडे सकाळी चिमूटभर तंबाखू मळल्याशिवाय किंवा मिश्री लावल्याशिवाय दिवस सुरू न होणारी चांगली, कष्टाळू माणसे घरोघर आहेत. त्यांनी हे व्यसन शिबिराच्या दारात सोडायचे ठरवू नये. सोडल्यानंतरची चिडचिड, डोकेदुखी आणि तलफ यांतच पहिले तीन-चार दिवस जातात आणि तेच दिवस मन एकाग्र करण्याचे असतात. निदान तीन-चार आठवडे आधी बंद करा, म्हणजे शरीर तोवर निवळलेले असेल.

चहा तिथे मिळतो, पण हवा तेव्हा मिळत नाही. म्हणून दिवसाचे पाच-सहा कप दोनवर आणा. जेवण शाकाहारी आणि साधे असते. झणझणीत खाण्याची सवय असलेल्यांनी तिखट थोडे कमी करावे, आणि मुख्य म्हणजे रात्रीचे जेवण लवकर व हलके घेण्याची सवय लावावी, कारण शिबिरात अकरा वाजताच्या जेवणानंतर नव्या साधकांना संध्याकाळी पाचला केवळ चहा आणि फळासारखे काही हलके मिळते. रात्री मोबाईल पाहण्याची सवय असेल, तर शेवटचा आठवडा तो दुसऱ्या खोलीत ठेवून झोपा आणि पहाटे साडेचारला उठा.

सामान मोजकेच घ्या. सैल सुती कपडे, पांघरूण, चादर, टॉवेल, विजेरी, पावसाळ्यात छत्री, आवाज न होणाऱ्या चपला. अत्तर, वाचायची पुस्तके, वही-पेन घरीच ठेवा. कोल्हापुरातून सांगलीच्या दिशेने जाणाऱ्या एसटीने हातकणंगल्यापर्यंत, किंवा मिरजेकडे जाणाऱ्या रेल्वेने हातकणंगले स्थानकापर्यंत जाऊन पुढे रिक्षा करता येते. दुपारी वेळेत पोहोचा. धावतपळत संध्याकाळी दारात उभे राहण्याने सुरुवात बिघडते.

दहा दिवस

पहिल्या संध्याकाळी मोबाईल आणि मौल्यवान वस्तू जमा होतात, हलके जेवण होते, शीले घेतली जातात आणि मौन सुरू होते. हे आर्य मौन आहे, म्हणजे खुणा, चिठ्ठ्या आणि नजरेने बोलणेही त्यात वर्ज्य आहे. आचार्यांशी साधनेबद्दल आणि व्यवस्थापकांशी गरजेच्या गोष्टींबद्दल मात्र बोलता येते.

पहाटे चारला घंटा होते. साडेचार ते साडेसहा ध्यान, नंतर न्याहारी, आठ ते अकरा ध्यान, अकराला जेवण, बारा ते एक विश्रांती व आचार्यांना प्रश्न विचारण्याची वेळ, एक ते पाच पुन्हा ध्यान, सहा ते सात सामूहिक ध्यान, सातला प्रवचन आणि त्यानंतर थोडे ध्यान होऊन साडेनऊला दिवे मालवतात. एकूण दहा तासांच्या आसपास ध्यान होते. हा आकडा ऐकून घाबरू नका, कारण त्यात मध्ये मध्ये उठण्याची सोय असते आणि काही बैठका खोलीतही करता येतात. माझा सल्ला असा की पहाटेची बैठक खोलीत न करता सभागृहातच करावी. खोलीत अंथरूण समोर असते आणि साडेचारच्या अंधारात त्याची ओढ कोणालाही आवरत नाही.

पहिले तीन दिवस आनापान असते. नाकपुड्यांच्या आसपास आणि वरच्या ओठावर येणाऱ्या-जाणाऱ्या श्वासाला नुसते जाणायचे असते. श्वास लांब करायचा नाही, मोजायचा नाही, त्याला कोणताही शब्द जोडायचा नाही. प्राणायाम करणाऱ्यांना हेच सर्वांत अवघड जाते, कारण श्वासाकडे लक्ष गेले की त्यांचा हात आपोआप नियंत्रणाकडे वळतो. तसे होत असल्याचे ध्यानात आले की दोन-चार श्वास जरा जोराने घ्या आणि मग त्याला त्याच्या गतीने सोडून द्या. श्वास जाणवलाच नाही, तरी तोच उपाय. मन भरकटले म्हणून स्वतःवर रागावण्यात वेळ घालवू नका; ते भरकटले हे कळणे हाच त्या क्षणीचा अभ्यास आहे.

चौथ्या दिवशी विपश्यना शिकवली जाते. डोक्यापासून पायापर्यंत क्रमाने लक्ष फिरवत जिथे जी संवेदना असेल, उष्णता, खाज, जडपणा, स्पंदन, दुखणे, ती तशीच पाहायची आणि ती बदलत राहते हे अनुभवायचे. सुखद संवेदनेला धरून ठेवायचे नाही आणि दुःखद संवेदनेला ढकलायचे नाही. यापुढे दिवसातल्या तीन सामूहिक बैठकांत तासभर आसन न बदलण्याचा निश्चय, म्हणजे अधिष्ठान, करायचा असतो. पहिल्या अधिष्ठानात चाळिसाव्या मिनिटानंतर गुडघ्यातली कळ सगळे शरीर व्यापते आहे असे वाटते. त्या वेळी कळीच्या मध्यभागी न जाता तिच्या कडेकडेने लक्ष न्या. ती एकसंध नसते. कुठे ठणका असतो, कुठे जळजळ, कुठे नुसता ताण, आणि प्रत्येकाची गती वेगळी असते. एवढे दिसू लागले की कळ राहते, पण तिची दहशत कमी होते. मात्र जुनी इजा असेल आणि दुखणे उठल्यानंतरही टिकत असेल, तर हट्ट न करता आचार्यांना सांगून आसन बदला.

दुसरा आणि सहावा दिवस अनेकांना जड जातो, असे जुने साधक सांगतात. घरी जावेसे वाटते, जुने भांडण कालच झाल्यासारखे आठवते, कारण नसताना रडू येते. गुऱ्हाळात काहिलीतला रस तापू लागला की मळी वर येते, आणि ती पाहून रस नासला असे गुळव्या कधी म्हणत नाही. या दिवसांकडे तसेच पाहावे. दुपारच्या वेळेत आचार्यांकडे जाऊन मोजक्या शब्दांत अडचण सांगा. सारखी झोप उडत असेल, भीती वाटत असेल किंवा मन ताब्यात नाही असे वाटत असेल, तर दुपारची वाट न पाहता लगेच सांगा. हे सहन करून लपवण्यात कसलाही पराक्रम नाही.

दहाव्या दिवशी मंगल मैत्री, म्हणजे सर्वांच्या भल्याची कामना करणारे ध्यान, शिकवली जाते आणि मौन सुटते. एकमेकांचे अनुभव ऐकताना आपला अनुभव फिका वाटू लागतो. अशा तुलनेत पडू नका. फोन हातात आला तरी साठलेले निरोप त्याच दिवशी वाचून काढण्याची गरज नसते.

घरी परतल्यावर

मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती पुढच्या पंधरा दिवसांची, कारण बहुतेकांची साधना इथेच सुटते. परंपरेचा आग्रह सकाळी एक आणि संध्याकाळी एक तास बसण्याचा आहे. तो योग्यच आहे, पण दोन्ही तास पहिल्या आठवड्यातच कोलमडले की माणूस सगळेच सोडून देतो. म्हणून सकाळचा तास कोणत्याही कारणाने मोडू नका, आणि संध्याकाळचा पूर्ण जमत नसेल तर निदान अर्धा तास बसाच. लक्ष्मीपुरीत दुकान असलेल्याला संध्याकाळी सातची वेळ शक्य नाही. त्याने दुकान बंद करून आल्यावर, जेवणाआधी बसावे. जेवल्यानंतर झोप येते. पेठेत राहणाऱ्याला गणेशोत्सवात शांतता मिळणार नाही. त्या दिवसांत पहाटेची वेळ आणखी अलीकडे घ्या, आणि तरीही आवाज आला तर त्याच्याशी भांडत न बसता आपले काम चालू ठेवा. रंकाळ्यावर किंवा देवळात बसण्यापेक्षा घरातला एक कोपराच बरा, कारण पावसात, पाहुण्यांत आणि आजारपणातही तो हाताशी राहतो.

घरच्यांना उपदेश करू नका. बारा दिवस घर, पोरे आणि गोठा सांभाळणाऱ्या माणसाला ‘तूही जायला हवेस’ असे पहिल्याच संध्याकाळी ऐकवणे हा त्याच्या कष्टांचा अपमान आहे. आधी त्याला विश्रांती द्या, त्याची कामे काही दिवस आपल्याकडे घ्या. नोकरी सोडणे, वाटणी करणे, व्रत घेणे असे मोठे निर्णय निदान महिनाभर पुढे ढकला. शिबिरातून आल्यावर मन हळवे आणि ठाम एकाच वेळी असते, आणि अशा मनाने घेतलेले निर्णय पुष्कळदा बदलावे लागतात.

एकदा दहा दिवसांचे शिबिर पूर्ण केले की जुन्या साधकांसाठीच्या एकदिवसीय शिबिरांना आणि सामूहिक बैठकांना जाता येते. आपल्या भागात जवळची सामूहिक बैठक कुठे भरते, हे निघण्यापूर्वीच केंद्रात विचारून लिहून घ्या आणि पहिल्याच महिन्यात तिथे एकदा तरी जाऊन या. वर्षातून एक दहा दिवसांचे शिबिर करावे असे सांगितले जाते. ते न जमल्यास काही दिवस धम्मसेवक म्हणून स्वयंपाकघरात किंवा व्यवस्थेत सेवा देता येते, आणि तिथेही रोजच्या सामूहिक बैठका चुकत नाहीत. जुन्या साधकांसाठीचे पुढचे सतिपट्ठान शिबिर करण्यासाठी दहा दिवसांची तीन शिबिरे आणि निदान वर्षभराची नियमित घरची साधना लागते. तेव्हा दुसऱ्या शिबिराचा अर्ज भरण्याआधी गेल्या महिन्यात सकाळचा तास किती वेळा चुकला ते पाहा, आणि वारंवार चुकला असेल तर आधी जवळच्या सामूहिक बैठकीला दर आठवड्याला जायला लागा.